करंडीतला तितर

डहाणू रोड,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आजोबांच्या चरणी निलमचा साष्टांग नमस्कार.

आपण सर्वजण सुखरूप असाल अशी आशा आहे. मी येथे अतिशय आनंदात आहे. संस्थेची इमारत स्वच्छ व हवेशीर आहे. सकाळी प्रार्थना, त्यानंतर नर्सिंगचा वर्ग, दुपारी सकस भोजन व सायंकाळी वाचन असा आमचा दिनक्रम असतो. सुदर्शन सर आम्हां मुलींना वडिलांप्रमाणे आहेत. वसुमती मॅडम आईची उणीव भासू देत नाहीत.

माझ्या ‘पाखरू’ या कवितेचे आतापर्यंत अनेक गावांत वाचन झाले, हे सांगण्यास आनंद होतो. सर म्हणतात, कवितेतील पिंजरा म्हणजे अज्ञान, पाखरू म्हणजे आदिवासी कन्या आणि आभाळ म्हणजे शिक्षण. कविता ऐकून मातांच्या डोळ्यांत पाणी येते व त्या स्वतःहून आपल्या मुलींची नावे नोंदवतात. शेवटच्या ओळी आपणांसाठी लिहिते:

उघडले पिंजऱ्याचे दार,
पाखरू झेपावले दूर पार,
निळ्या निळ्या आभाळी गाते,
ये गं सखे, तूही ये!

गंगीला अवश्य पाठवावे. तिचा अर्ज मंजूर झाला असून सोमवार दि. १७ रोजी संस्थेची जीप तिला नेण्यास येईल. येताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणावा. नक्कल चालणार नाही.

शितलही येथे मजेत आहे, असे तिच्या आईस, संगिताकाकीस, सांगावे. ती अनुभव घेण्यासाठी बाहेरगावी असल्याने तिला पत्र लिहिणे जमत नाही.

आपल्या गुडघ्याची काळजी घ्यावी. मला हल्ली आपल्या तितराची फार आठवण येते.

आपली नात,
वनकन्या निलम

*

डहाणू रोड,
शनिवार, १५ फेब्रुवारी, दुपार

आज्या,

मागचं पत्र चुलीत घाल. आत्ताच घाल, मग पुढचं ऐक.

गंगे, तूच वाचते आहेस हे मला माहीत आहे, आमच्या घरात दुसरं वाचणार कोण? मोठ्याने वाच. काही गाळू नकोस. मधे शिवी आली तरी गाळू नकोस, आज्याने त्याहून मोठ्या ऐकल्यात आणि दिल्यात.

त्या पत्रात मी तुला ‘आपण’ म्हटलं, ‘चरणी’ म्हटलं. तू हसला असशील. ‘ही पोर कुणाशी बोलतेय? इथे कोण आजोबा आहे?’ असं म्हणाला असशील. अरे, ते पत्र सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. आम्ही सगळ्यांनी तेच उतरवलं, फक्त नावं बदलली आणि कवितेचं तेवढं माझ्याच पत्रात घातलं. नंतर त्याचे फोटो काढले. गावोगाव वाटायच्या कागदावर ते छापणार आहेत. हाताने लिहिलेलं बरं दिसतं म्हणे. तितराचं एक वाक्य तेवढं माझं होतं, ते सरांच्या नजरेतून सुटलं.

फोनवर खरं का बोलले नाही असं विचारशील. फोन मॅडमच्या कपाटात असतो. रविवारी मिळतो, तोही त्यांच्या टेबलावर स्पीकर लावून. म्हणून तर तू ‘जेवलीस का?’ विचारलंस की मी शाळेतल्यासारखी ‘होय, जेवण अतिशय रुचकर होते’ म्हणायचे. तुला वाटलं असेल पोरगी शहाणी झाली. कसली शहाणी!

तर आता खरं ऐक. वर्ग होतो, पण कोणी पाहुणा येणार असला तरच. एक रबरी बाहुली आहे, तिला सुई टोचायची, फोटो काढायचे, की झालं नर्सिंग. बाकी पोरींना वापीला, मुंबईला लोकांच्या घरी पाठवतात, म्हातारी माणसं सांभाळायला. त्याला इथे ‘अनुभव’ म्हणतात. हगणं-मुतणं काढायचं, रात्रभर जागायचं, सकाळी त्याच घराची भांडीही घासायची. मजुरी संस्थेच्या नावाने जमा होते. आणि घरी जाते म्हटलं की सर कपाटाकडे बोट दाखवतात. सगळ्यांचे मूळ दाखले त्यात आहेत. ‘जा की, कोणी अडवलंय? दाखला मात्र कोर्स पुरा झाल्यावर.’ कोर्स कधी पुरा होतो ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

मला कुठे पाठवत नाहीत. मला खिडकीजवळची खाट, जाड गादी, काठाचं लुगडं, केसांत माळायला गजरा. मी कविता म्हणते ना!

शितल गेल्या महिन्यात वापीहून आठवडाभरासाठी परत आली. हात सोलवटलेले, गाल बसलेले. माझ्या खाटेवर बसली, गादी दाबून बघितली आणि म्हणाली, ‘तुझी गादी जाड आहे गं.’ मी काहीतरी हसून बोलले. मग ती म्हणाली, ‘तू बोलावलंस म्हणून मी आले.’ रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ती रागावली नव्हती. सांगायचं म्हणून सांगत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून तुझा तितर डोळ्यांसमोरून हलेना. गंगे, तू तेव्हा लहान होतीस, तुला आठवणार नाही. आज्या भल्या सकाळी त्याला करंडीत घालून माळावर न्यायचा. करंडी गवतात ठेवायची, भोवती फासे मांडायचे आणि आपण झुडपामागे बसायचं. तितर मान उंच करून ओरडायचा, आणि रानातले तितर त्याच्या आवाजाला धावत यायचे. ते अडकायचे, हा ओरडतच राहायचा. घरी आल्यावर आज्या वारूळ उकरून त्याला ताजी वाळवी घालायचा. आम्हां पोरांपेक्षा त्याचं पोट जास्त भरलेलं असे!

आज्या, तुझ्यावर माझा राग नाही. तू खायला धरायचास, आणि ‘मी शिकार करतो’ असंच म्हणायचास. पक्ष्यांच्या भल्यासाठी धरतो असं तू कधी म्हटलं नाहीस. फॉरेस्टवाले बंद कर म्हणाले तेव्हा सोडूनही दिलंस. ह्यांचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, म्हणून माझा जळफळाट होतो.

आश्रमशाळेत मी कविता लिहिली होती ना, ती त्याच तितरावर होती. तीच वाचून सुदर्शन सर मला शोधत आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘निलम, तितर कवितेत शोभत नाही. पाखरू म्हण. करंडी नको, पिंजरा म्हण. आणि शेवटी ते आभाळात झेपावलं पाहिजे, वाचकाला मुक्तीचा अनुभव आला पाहिजे.’ मी म्हटलं, सर, तितर आभाळात जात नाही. फडफडून उठतो, दोन-चार शेतं पलीकडे जातो आणि परत गवतात उतरतो. त्याला गवतच लागतं. सर म्हणाले, ‘प्रतीक समजून घे. आभाळ म्हणजे स्वातंत्र्य.’ मी लहान होते, सर शिकलेले, छापलेली पुस्तकं असलेले. मी आभाळ लिहिलं. त्यांनी खाली ‘ये गं सखे, तूही ये’ जोडलं. ती ओळ माझी नाही. पण ओरडले मीच, गावोगाव.

काल शुक्रवारी उधव्याला कार्यक्रम होता. मोठा मांडव, पाड्यापाड्यांवरच्या बाया, प्रत्येकीबरोबर एकेक पोर, बाजूला टेबलावर अर्जांचा गठ्ठा. स्टेजवर मुंबईचे एक पाहुणे, सर, मॅडम. मॅडमने माझा गजरा नीट केला, माईक हातात दिला. समोर शितलच्याच वयाची एक पोर पहिल्या ओळीत बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते, दाखलाच असणार. मी ‘पाखरू’ म्हटलीच नाही. हे म्हटलं:

करंडीतला तितर गातो,
त्याला वाळवी मिळते.
गवतातले तितर ऐकतात,
म्हणतात, कोणी आपलं आहे.

गाणाऱ्याला फासा दिसत नाही,
येणाऱ्याला करंडी दिसत नाही,
झुडपामागे जो बसलाय
त्याला दोन्ही दिसतात.

तितरांनो, गवत सोडू नका.
फार गोड बोलावतो कोणी,
तर आधी बघा
तो बसलाय कशात.

मुंबईचे पाहुणे पहिल्या कडव्यालाच ‘वा!’ म्हणाले. शेवटी तर उभे राहिले. म्हणाले, ‘गवत! काय प्रतीक आहे! मातीशी नातं!’ सरांनीही टाळ्या वाजवल्या, पाहुणे वाजवतात म्हटल्यावर वाजवायलाच हव्यात. बायांनी मात्र एकीनेही टाळी वाजवली नाही. त्यांना प्रतीक कशाला हवं? त्यांच्या सासऱ्यांनी, बापांनी तितर पाळलेले. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या. मांडवात नुसती कुजबुज.

मग अंगणवाडीच्या जयवंतीताई उठल्या. धिप्पाड बाई, आवाजही तसाच. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘पोरी, मग तू कोणाच्या करंडीतली गो?’

आज्या, मी हात लांब करून दाखवला. म्हटलं, ‘ह्यांच्या. झुडपामागे नाहीत, बघा, स्टेजवरच बसलेत.’

माईक बंद झाला. लगेच झाला, म्हणजे मॅडमला कविता कळली होती. पण आपल्या माणसांना हाका मारायला माईक कधी लागला? ह्या डोंगरावरून त्या डोंगराला आपण हाळी देतो. मी तशीच ओरडले. वापीचं सांगितलं, दाखल्यांचं सांगितलं, रबरी बाहुलीचं सांगितलं. शितलचं नाव घेऊन सांगितलं. बायांनी टेबलावरचे आपापले अर्ज उचलले. एकीने तिथेच फाडला. त्या पहिल्या ओळीतल्या पोरीने पिशवी छातीशी धरली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. मला रडू आलं, पण आनंदाचं आलं.

त्या गोंधळात जयवंतीताई स्टेजच्या पायरीशी आल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, ‘दाखल्यासाठी अडून बसलात? अगं येड्यांनो, शाळेत अर्ज द्यायचा, दाखला ह्यांनी अडकवलाय असं प्रतिज्ञापत्र करायचं, दुसरी प्रत मिळते. माझ्या भाच्याचा दाखला पाण्यात गेला होता, त्याला मिळाली की.’

आज्या, आम्ही सगळ्या इतकी वर्षं शाळेत गेलो, आणि आम्हांला एवढंही माहीत नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलेलं होतं, की मूळ दाखला गेला म्हणजे जन्म गेला. त्या कपाटाला आम्ही देवासारखं घाबरत होतो. तुझ्या करंडीचं झाकण आठवतं? तू ते कधी बांधलंच नाहीस. मी लहानपणी विचारायचे, हा पळत का नाही? तू म्हणायचास, ‘कुठे जाईल?’

ऑफिसात आल्यावर सर बोलले, आणि काय बोलले असतील? ‘तू प्रतीकाचा दुरुपयोग केलास!’ पोरी विकल्यासारख्या घरोघर पाठवतात, आणि ह्यांना वाईट कशाचं वाटलं तर प्रतीकाचं. मी म्हटलं, ‘सर, प्रतीक तुम्हीच शिकवलंत, मी फक्त तितर परत घातला.’ मॅडम म्हणाल्या कृतघ्न, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. म्हटलं, मॅडम, वासे मोजायला घर आमचं कुठे होतं?

मग सरांनी आवाज मऊ केला. उद्या कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागायची, ‘पाखरू’ पुन्हा म्हणायची, मग सगळं विसरून जाऊ. नाहीतर दाखला कायमचा विसर. मी म्हटलं, विसरले. ठेवा. पुठ्ठ्यात घालून भिंतीला लावा.

आज सकाळी हे सगळं पोरींना सांगितलं. दुसरी प्रत मिळते म्हटल्यावर परवाच पुन्हा वापीहून आलेली शितल हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. मग सगळ्याच हसलो, आणि मग सगळ्याच चिडलो, आधी त्यांच्यावर आणि नंतर स्वतःवर. आता ठरलंय. सोमवारी सकाळी, उजेडात, पुढच्या दरवाजाने बाहेर पडायचं, सगळ्यांनी एकदम. वॉचमन अडवणार नाही, कारण ‘मुली स्वखुशीने राहतात’ असं ह्यांनीच पाटीवर लिहून ठेवलंय. तिथून आधी पोलीस ठाण्यात तक्रार, मग आपापल्या शाळेत अर्ज. वापी-मुंबईला अडकलेल्या पोरींची नावं तक्रारीत पहिली घालणार आहोत.

आता, आज्या, एक सांगायचं राहिलं आहे. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत तेच टाळत होते.

तितर पळत का नाही असं मी विचारायचे ना, तेव्हा तू ‘कुठे जाईल?’ म्हणून थांबायचा नाहीस. पुढे म्हणायचास, ‘रानातले आता त्याला घेणार नाहीत. चोची मारतील.’ त्याच भीतीने मी गप्प बसले होते. दाखल्याचं नुसतं निमित्त होतं. आपल्या वरच्या पाड्यावरच्या पोरी माझ्या आवाजाने आल्या. संगिताकाकी मला न्हाऊ-माखू घालायची, तिची पोर मी बोलावून आणली. लोक म्हणतील, ही जाड गादीवर लोळत होती आणि आमच्या पोरी लोकांचे संडास धूत होत्या. खोटं काय म्हणतील? कोणत्या तोंडाने येऊ असं वाटायचं, आणि मग मी पुन्हा गजरा माळून उभी राहायचे.

पण मी तितर नाही. तितराला आपण काय केलं ते कळत नाही, मला कळतं. म्हणून येते आहे. सोमवारी एसटीने गंजाडला उतरेन, पण आधी घरी येणार नाही. आधी शितलला घेऊन संगिताकाकीच्या दारात जाणार. काकीने शिव्या घातल्या तर ऐकेन. चार ठेवून दिल्या तर खाईन. दार लावून घेतलं तर बाहेर ओट्यावर बसेन, संध्याकाळपर्यंत, रात्रीपर्यंत. पाड्यावरचे सगळे बघायला आले तरी मान खाली घालणार नाही. चुकलं ते कबूल करायला जायचं, तोंड लपवायला नाही. तू मधे पडू नकोस, आज्या. ‘लहान आहे, जाऊ द्या’ म्हणू नकोस. मी लहान नाही.

गंगे, आता तुझ्यासाठी. तू पिशवी भरून ठेवली असशील, मला माहीत आहे. नवीन पंजाबी ड्रेस वर ठेवला असशील. पिशवी रिकामी कर. जीप आली तर बसू नकोस, आज्याने अंगठा दिलेला असला तरी. मी तिथे आहे म्हणून तुला यायचं होतं ना? मी तिथे नाही. नर्स व्हायचं असेल तर व्हायचंच, त्यात माघार नाही. पण ज्या कॉलेजला मान्यता आहे तिथे, कागद स्वतः वाचून, तिथल्या पोरींशी, कॉलेजची माणसं जवळ नसताना, बोलून. माझंही शिक्षण व्हायचंच आहे, दोघी मिळून करू. शिकायचं म्हणजे कोणाच्या तरी ताब्यात जायचं, असं तुला कोणी शिकवलं असेल तर ते आधी पुसून टाक.

कविताही सोडणार नाही हं. कोणी ओळ जोडून दिली तर तिच्यावर मात्र माझं नाव लागणार नाही.

हे पत्र बायजीमावशी आणते आहे. ती इथे स्वयंपाकाला असते, रविवारी सुटी असते. लोकांना वाचून दाखवताना एवढं तिचं तेवढं गाळ, तिचं नाव कोणाला सांगू नका, तिच्या पोटावर पाय यायला नको. पत्र मात्र लपवू नका. चार घरांत वाचून दाखव, गंगे, ज्यांनी अर्ज भरलेत त्यांच्याकडे आधी. जीपबरोबर संस्थेचा माणूस आला आणि त्याने मागितलं, तर त्यालाही वाचून दाखव. पोरीला कोणीतरी फितवलं, तिच्याकडून लिहून घेतलं, असं ते उद्या म्हणतील. मागचं पत्र लिहून घेतलेलं होतं. हे मी लिहिलंय. म्हणून खाली ‘तुझी लाडकी’ वगैरे लिहीत नाही, पोलीस ठाण्यात लिहीन तसं पूर्ण नाव लिहिते.

निलम नविन धोडी
मुक्काम गंजाड